दोनशे चाळीस मिलिमीटर

चार दिवसांसाठी बाहेर पडताना वहिनींनी दोनशे गाई, सत्तर वासरं, तीन कुत्री आणि घराच्या किल्ल्या हे सगळं एका वाक्यात भाऊंच्या हवाली केलं. पर्जन्यमापक हवाली करायला मात्र त्यांना पाऊण तास लागला.

"रोज सकाळी आठ वाजता. आठ म्हणजे आठ. आठ वाजून पाच नाही."

"अगं, पहाटे चारला उठून धारा काढणारा माणूस मी. मला घड्याळ काय शिकवतेस?"

"धारांचं वेगळं असतं. गाय थांबते. पाऊस कुणासाठी थांबत नाही."

भाऊंनी मान डोलावली. इतक्या वर्षांच्या संसारात मान कधी डोलवावी एवढं तरी त्यांना कळायला लागलं होतं. अंगणापलीकडे, जिथून त्यांचं चारशे एकरांचं कुरण सुरू होई, तिथे तारेच्या कुंपणात एक जाडजूड नळकांडं रोवलेलं होतं. वर नरसाळं, आत बाटली. आठ वाजता बाटलीतलं पाणी काचेच्या उंच मापात ओतायचं, त्यावरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि साडेआठच्या आत हवामान कचेरीला फोनवर कळवायचा. काम एवढंच. पण ते वहिनी पंचवीस वर्षं करत होत्या, एकही दिवस न चुकता, आणि त्या कुंपणाच्या आत पाय टाकायची भाऊंना आजवर मुभा नव्हती.

"पंचवीस पुरी व्हायला एकोणीस दिवस राहिलेत," वहिनी बॅगेची चेन ओढत म्हणाल्या. "कचेरीचा नियम माहीत आहे ना? एक नोंद राहिली किंवा खोटी निघाली, की साहेब येऊन तांबड्या शाईनं काट मारतो. मग मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मी तेव्हा ऐंशीच्या पुढे असेन."

"तू निर्धास्त जा गं. ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनकडे बघ. इथलं मी बघतो."

"आणि एक. जे दिसेल ते लिहायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

बस येऊन वहिनींना घेऊन गेली, तरी हे शेवटचं वाक्य फाटकापाशी बराच वेळ उभं असल्यासारखं भाऊंना वाटत राहिलं.

त्या रात्री पाऊस झाला. पत्र्यावर चांगला ताशा वाजला आणि भाऊ अंथरुणात पडल्या पडल्या खूश झाले, कारण पहिल्याच दिवशी काहीतरी मोजायला मिळणार होतं. सकाळी साडेसातलाच त्यांनी स्वयंपाकघरातल्या फडताळातून ते काचेचं माप काढलं. ते मऊ फडक्यात गुंडाळलेलं होतं. एवढा मान त्या घरात दुसऱ्या कुठल्या भांड्याला नव्हता, आणि खरं सांगायचं तर माणसालाही नव्हता.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं माप घेतलं असतं आणि सरळ कुंपणाकडे चालू लागला असता. पण भाऊ पडले दुधाच्या धंद्यातले. गोठ्यातलं कुठलंही भांडं वापरण्याआधी उकळत्या पाण्यातून काढायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. बायकोची एवढी मोलाची वस्तू तशीच कशी वापरायची? त्यांनी ते माप प्रेमानं, अगदी बाळाला न्हाऊ घालावं तसं, कॅन धुण्याच्या कढत टाकीत बुडवलं. माप 'टिक्' असं इतक्या हळू म्हणालं की भाऊंनी आधी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग हात वर काढला, तेव्हा हातात अर्धंच माप होतं.

सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. शहरातून नवं माप आणायचं म्हणजे जाऊन येऊन पाच तास, आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही हे तर त्यांनी कालच ऐकलं होतं. त्यांनी सगळं घर पालथं घातलं. कप पाहिला, डाव पाहिला, फुलदाणी पाहिली. शेवटी गोठ्यातल्या औषधांच्या कपाटात वासरांना औषध पाजायची बाटली दिसली. लांब मानेची, स्वच्छ काचेची, आणि बाहेरून रेघा अन् आकडे छापलेली, पार पाचशेपर्यंत. रेघा आहेत, आकडे आहेत, मापाला आणखी काय लागतं? भाऊंनी बाटली छातीशी धरली आणि देवाचे आभार मानले.

बरोब्बर आठ वाजता त्यांनी पाणी ओतलं. आकडा आला दोनशे चाळीस.

त्यांनी वही उघडली. वहिनींच्या ठसठशीत अक्षरात आधीच्या ओळी होत्या: आठ पूर्णांक चार, बारा, तीन पूर्णांक दोन. भाऊ जरा घुटमळले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. अंगण ओलं होतं, पण गुरांचा हौदसुद्धा काठोकाठ भरलेला दिसत नव्हता. दोनशे चाळीस जरा जास्तच वाटत होतं. पण तेवढ्यात त्यांना फाटकापाशी उभं असलेलं ते वाक्य आठवलं, आणि त्यांनी डोकं चालवणं ताबडतोब थांबवलं. लिहिलं: दोनशे चाळीस. लिहिताना छाती किंचित फुगलीही. बायकोला पंचवीस वर्षांत जो आकडा गाठता आला नव्हता, तो त्यांनी पहिल्या सकाळीच गाठला होता.

आकडा कळवल्यावर वीस मिनिटांत कचेरीतून एका बाईंचा फोन आला.

"तुम्ही दोनशे चाळीस सांगितलंत. चोवीस म्हणायचंय का?"

"नाही. दोनशे चाळीस. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"तुमचं घर जागेवर आहे ना?"

भाऊंनी वर पाहून घेतलं. "आहे की."

"वहिनी कुठायत?"

"बाहेरगावी. पण नोंद चुकलेली नाही हां! आठ वाजता म्हणजे आठ वाजता घेतलीय. तेवढं लिहून ठेवा."

पलीकडे बाईंनी कुणाशी तरी कुजबूज केली. मग त्यांचा आवाज एकदम गंभीर झाला. "दुसऱ्या कुठल्या केंद्रानं हे कळवलं असतं ना, तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण तुमच्या केंद्राची पंचवीस वर्षांत एक चूक नाही. काळजी घ्या. उंचावर जा."

भाऊ उंचावरच राहत होते, त्यामुळे ते जिथे होते तिथेच बसले. दहा वाजता रेडिओनं सांगितलं की नदीच्या वरच्या भागात ढगफुटी झाली आहे. साडेदहाला पूल बंद झाला. अकराला दुधाच्या टँकरवाल्याचा फोन आला की तो पुलाच्या पलीकडे अडकलाय आणि नदीत गुडघाभर पाणी बघत पुराची वाट पाहतोय. आणि सव्वाअकराला फाटकाबाहेर असा काही गलका झाला की तिन्ही कुत्री पलंगाखाली जाऊन बसली.

खालच्या कुरणाचा मालक आला होता. त्याचं खरं नाव आता त्याच्या आईखेरीज कुणाला आठवत नव्हतं. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत. भोंग्याबरोबर त्याची बायको होती, आई होती, बाळ होतं, दोन ट्रंका होत्या आणि मागे तीनशे मेंढ्या होत्या.

"भाऊ!" भोंगा कानाशी येऊन ओरडला. "तुमच्यावर आभाळ फाटलं आणि तुम्ही निवांत चहा पिताय? काय छाती म्हणायची का काय! आम्हाला रेडिओनं सांगितलं, उंचावर जा. मी म्हटलं, आपल्याला उंच म्हणजे भाऊच!"

"या, या," भाऊ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"पण पाणी कुठं दिसत नाही ते?"

"ओसरलं," भाऊ म्हणाले. आयुष्यात खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांना पाणी ओसरायला लागणारा वेळ नीट जमला नाही.

"एवढ्यात? गंमतच आहे. आणि आमच्याकडे बघा, एका मैलावर, फक्त अकरा मिलिमीटर. माझ्या कुंपणाच्या खांबाला मापाची नळी आहे ना, तीत पाहिलं."

भोंगा मेंढ्या हाकायला वळला आणि भाऊ हळूच गोठ्यात गेले. त्यांनी ती बाटली उलटी केली. तळाशी बारीक अक्षरात कोरलेलं होतं: मिलिलिटर. भाऊ तिथेच चाऱ्याच्या गठ्ठ्यावर बसले. मिलिमीटर वेगळा आणि मिलिलिटर वेगळा एवढं त्यांना शाळेत शिकवलं होतं. एकाचा दुसरा कसा करायचा हेही शिकवलं असावं, पण त्या दिवशी बहुधा त्यांच्या घरी गाय व्यायली असावी.

आता फोन करून खरं सांगावं, तर साहेब येणार. साहेब आला की तांबडी शाई. एकोणीस दिवसांवर आलेली बायकोची पंचवीस वर्षं आपण एका टाकी पाण्यात बुडवली, हे कळून भाऊंचा जीव खरोखरच कासावीस झाला. पैसाअडका गेला असता तर ते एवढे हलले नसते. वहिनी तापानं फणफणलेल्या असतानाही छत्री घेऊन त्या कुंपणात उभ्या राहिलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "आज किती?"

"लिहिलंय की."

"अहो, किती ते विचारतेय."

"बरा झाला."

"बरा म्हणजे किती?"

"हॅलो? हॅलो? अगं, मेंढ्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही!"

"आपल्याकडे मेंढ्या कुठल्या?" वहिनींनी विचारलं, पण तोवर भाऊंनी फोन ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. भाऊंना हायसं वाटलं. रात्रभर थेंबही नाही, म्हणजे आज शून्य. शून्य कुठल्याही बाटलीत शून्यच. आज तरी नोंद खरी होणार आणि ती खरी झाली की कालचीही कुणाच्या लक्षात येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. आठ वाजता त्यांनी नळकांड्यातून बाटली उचलली. बाटलीत पाणी होतं.

त्यांनी डोळे चोळले, कुरणापलीकडच्या आभाळाकडे पाहिलं, पुन्हा बाटलीत पाहिलं आणि औषधाच्या बाटलीत ओतलं. साठ.

कुणी म्हणेल की भाऊंनी सरळ शून्य लिहायचं होतं. पण काल एक खोटं पोटात घेऊन माणूस रात्रभर तळमळला होता. आज तो वहिनींच्या नियमाला लोंबकळलाच. जे दिसेल ते लिहायचं. त्यांनी साठ लिहिले आणि साठ कळवले.

"साठ?" कचेरीतल्या बाई म्हणाल्या. "अहो, उपग्रहाच्या चित्रात तुमच्याकडे एक ढग दिसत नाहीये."

"आमच्याकडूनही दिसत नाहीये."

"मग पाऊस कुठून पडला?"

"ते माहीत नाही. बाटलीत आहे."

"साहेब निघालेत," त्या म्हणाल्या.

साहेब अकराला पोचले. जीपच्या टपावर रबरी होडी बांधलेली होती आणि साहेबांच्या पायांत पुराचे गुडघ्यापर्यंतचे बूट होते. ते बूट घालून साहेब अंगणातल्या कोरड्या मातीतून फच्‌फच्‌ न होता चालत आले, ह्याचं त्यांना स्वतःलाच अवघड वाटत असावं, कारण ते कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. भोंग्याच्या मेंढ्या त्यांच्यामागून रांगेनं चालत होत्या.

"आजचा पाऊस दाखवा," साहेब म्हणाले.

भाऊंनी तो झाकून ठेवला होता. साहेबांनी बाटली उन्हात धरली, हलवली. आत पांढराशुभ्र फेस आला. त्यांनी नाक जवळ नेलं.

"पावसाला साबणाचा वास येतोय."

सगळ्यांनी एकाच वेळी वर पाहिलं. कुंपणाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, नळकांड्याच्या बरोब्बर डोक्यावरून, एक दोरी ताणलेली होती आणि तिच्यावर बाळाची चौदा दुपटी ओळीनं वाळत होती.

"काल तिन्हीसांजेला घातली मी," भोंग्याची बायको पदर सावरत म्हणाली. "एवढी छान मोकळी जागा, मेंढ्या आत येत नाहीत. म्हटलं कपडे वाळवायलाच केली असेल."

साहेबांनी वही मागून घेतली आणि खिशातून पेन काढलं. तांबडं होतं. "आणि कालचे दोनशे चाळीस? तेही कुणाचे कपडे?"

मग भाऊंना राहवलं नाही. कढत टाकी, टिक् आवाज, औषधाची बाटली, सगळं त्यांनी सांगून टाकलं आणि साहेबांच्या हातातली वही दोन्ही हातांनी धरली. "साहेब, मला काय शिक्षा करायची ती करा. पाहिजे तर माझ्या कपाळावर काट मारा. पण हिच्या वहीला ती शाई लावू नका. अहो, मुलीच्या लग्नादिवशी सगळ्यांना ताटकळत ठेवून ही आठ वाजता इथं आली होती. आकडा शून्य होता, तरी आली होती!"

"नियम नियम असतो," साहेब म्हणाले. पण काट मारायची तर पान उघडायला हवं, म्हणून त्यांनी वही उघडली, आणि उघडल्यावर त्यांचं लक्ष शेऱ्याच्या रकान्यात गेलं. 'गारा. सुपारीएवढ्या.' 'पाऊस नाही. तरी खात्री केली.' 'वारा फार. टोपी हौदात.' 'मुलीचं लग्न. पाऊस शून्य, डोळ्यांचं मोजलं नाही.' साहेब वाचत राहिले. पान उलटलं, आणखी एक उलटलं. मेंढ्या बसल्या. भोंगासुद्धा हळू आवाजात खोकला.

"हे आम्ही कधी वाचलंच नाही," साहेब शेवटी म्हणाले. "आमच्याकडे नुसता आकडा येतो, तो यंत्रात जातो."

"काय चाललंय इथं?"

फाटकात वहिनी उभ्या होत्या, हातात बॅग. इस्पितळातल्या टीव्हीवर आपलाच आकडा पाहून त्या पहिल्या बसनं निघाल्या होत्या, आणि बंद पुलावरच्या पहारेकऱ्याला 'आधी नदीकडे बघ आणि मग मला अडव' एवढं सांगून चालत आल्या होत्या.

"तू... तुला कळलं?" भाऊ पुटपुटले.

"न कळायला काय झालं? दोनशे चाळीस पडला असता तर आपलं घर मला वाटेतच भेटलं असतं." त्यांची नजर नळकांड्यावरून दुपट्यांवर, दुपट्यांवरून औषधाच्या बाटलीवर गेली. बॅग खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "वीसनं भागा. नरसाळ्याचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटर. वीस मिलिलिटरचा एक मिलिमीटर. म्हणजे काल बारा."

"आमच्याकडे अकरा होता!" भोंगा ओरडला. "जुळतंय की!"

साहेबांनी भागून पाहिलं. बाराच आले. पाणी आठला मोजलेलं, शेजारच्या नळीनं दुजोरा दिलेला. त्यांनी तांबडं पेन खिशात ठेवलं, निळं काढलं आणि लिहिलं: 'बारा. एकक दुरुस्त.' खालच्या ओळीत: 'शून्य. धुण्याचे पाणी वगळून.' दोन्हीकडे सही केली. "नोंद अखंड आहे," ते म्हणाले.

भाऊंना रडूच यायचं बाकी होतं. आता वहिनी हसतील असं सगळ्यांना वाटलं. पण वहिनींचा चेहरा उतरला होता.

"साहेब, एक विचारू? पंचवीस वर्षं मी रोज बरोबर आकडा कळवतेय. एकदा तरी कुणी उलट फोन केलात? आलात कधी? एक कप चहाला?"

साहेब बुटांकडे पाहू लागले.

"आणि ह्यांनी एक दिवस चुकवलं," वहिनींनी भाऊंकडे बोट केलं, "तर रेडिओ, टीव्ही, उपग्रह! होडी बांधून जीप! अहो, मला नदीकाठची माणसं पळताना दिसली टीव्हीवर. माझ्या आकड्याला जन्मात कधी कुणी पळालं नाही."

साहेबांनी चहा घेतला, दोन कप घेतले, दर महिन्याला येईन असं कबूल केलं आणि नवं माप पाठवून दिलं. भोंगा मेंढ्या घेऊन घरी गेला. एकोणीस दिवसांनी प्रशस्तिपत्र आलं, चौकटीसह, टपालानं. साहेब काही आले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

एका सकाळी पाऊस थांबल्यावर वहिनी कुंपणातून आल्या आणि वही उघडून ओसरीवर बसल्या. चार पूर्णांक सहा. त्यांनी चार लिहिला, सहा लिहिला आणि पेन्सिल तशीच वर धरून ठेवली. भाऊ समोर चहा पीत होते. सव्वाआठ झाले, तरी पेन्सिल खाली येईना.

"अगं, काय झालं?"

"काही नाही," वहिनी नजर न उचलता म्हणाल्या. "मधला ठिपका द्यायचा राहून गेला, तर काय होईल हो?"

भाऊंनी बशी खाली ठेवली. त्यांनी बायकोकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, आणि ह्या विषयातला आख्ख्या इलाख्यातला एकमेव जाणकार म्हणून नीट विचार करून सांगितलं.

"शेहेचाळीसला नुसता फोन येईल. जीप यायची तर साठ पाहिजेत, तेही ढग नसताना."